आमच्याच चटईखाली

फालेतापु, सावाई बेट
१४ जुलै

फोलोले,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं ते खोडलंय. सवयीनं हात गेला, मन गेलं नव्हतं.

एतिमानीनं फोटो पाठवलाय. आपला हा चुलतभाऊ लॉरी घेऊन ऑकलंडभर हिंडणारा, तो कधी चित्रांच्या दालनात पाऊल ठेवेल असं तुझ्या स्वप्नातही आलं नसेल. पण त्याच्या बायकोला तिथं साफसफाईचं काम लागलंय. तिला न्यायला गेला तर समोर भिंतीवर आमची चटई. वरून दिवे सोडलेले, आणि शेजारी पांढरी पाटी. ‘समुद्राचं वस्त्र. कलाकार: फोलोले.’ खाली तू कुठं शिकलीस, कुठं कुठं तुझं कौतुक झालं. पाटी तिथंच संपते.

बरं, त्यानं फोटो एकट्या मला पाठवला असता तर गोष्ट वेगळी. त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, आपल्या फोलोलेनं नाव काढलं म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर सगळी पोरं फेरेतीच्या भावाच्या फोनभोवती गोळा. फेरेती म्हणजे तोच, दात पुढे असलेला, तुझी बॅग उचलायला धावला होता तो. मला बघून फोन पाठीमागे लपला. मग लुपेसिनानं विचारलं, आणि ती पोरगी वर्गात तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे.

“बाई, फोलोले म्हणजे तुमची बहीणच ना?”

“हो.”

“मग त्यांनी कुठला भाग विणला?”

मी वळून फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पाटीवर नाही म्हणून तुला इथं सांगते. वादळानंतर ओढ्याच्या तोंडाशी जे साचलं ते ह्या पोरांनी उपसलं. घरून पिशव्या आणल्या, समुद्रात धुतल्या, काळ्या खडकांवर वाळत घातल्या आणि त्या उडून जाऊ नयेत म्हणून शेजारी बसून अभ्यास केला. बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या. आपल्या आईनं, जिला आता माझं तोंडही धड दिसत नाही, तिनं त्यांना केवड्याची पात शिंपल्यानं घासतात तशी एकेक पट्टी घासायला लावली. “प्लास्टिक आहे आजी, त्याला काय होतंय,” म्हणाली पोरं. आई म्हणाली, “मग नूडल्स खा आणि घरी जा.” घासली त्यांनी. बोटं कापली, मी हळद लावली. आईबाप कुंपणापाशी येऊन हसायचे, शाळेत आता कचरा शिकवतात म्हणून.

प्रत्येकानं आपापल्या घरचा कचरा विणलाय त्यात. लुपेसिनाच्या घरची मिठाची निळी पिशवी, फेरेतीकडची बिस्किटांची सोनेरी पाकिटं. मानाच्या चटईला लाल पिसांची झालर असते तशी ह्या चटईला बाटल्यांच्या लाल लेबलांची. ती कल्पनासुद्धा पोरांचीच.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतेस आणि माझा राग पातळ होतो. मला तो तसाच हवाय.

वाओसा


२ ऑगस्ट

फोलोले,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून सुंदर आहे, मजकूर काय ते विचारू नकोस.

“ताई, चटई तुम्हीच मला दिलीत. सगळ्यांसमोर दिलीत. मी सा-ओ म्हटलं तेव्हा कोणी अडवलं का?”

हे लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही गं?

जूनमध्ये तू आलीस. पोरांना कोण आनंद, शहरातल्या मोठ्या चित्रकार बाईंना आपलं काम दाखवायचं म्हणून. आता चटई दाखवायची कशी? लग्नात, मयतीत आपल्या बायका मानाची चटई उलगडून, कडा धरून, सगळ्यांसमोरून मिरवत नेतात, तेवढंच त्यांनी पाहिलेलं. तश्शीच त्यांनी ती मैदानात मिरवली आणि तुझ्यापुढे आणून धरली. आणि तू उठून उभी राहिलीस आणि घंटेसारख्या खणखणीत आवाजात म्हणालीस, “सा-ओ! फा-आ-लालेलेई!”

ते शब्द कोण म्हणतं? ज्याला चटई दिली जाते तो. पाहुणी म्हणून तू ‘छान आहे’ म्हणाली असतीस, टाळ्या वाजवल्या असत्यास, फोटो काढले असतेस, कोणाची हरकत होती? तू ते शब्द उच्चारलेस आणि आईचा वारा घालणारा हात हवेतच थांबला. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण एकदा ते शब्द तोंडातून बाहेर पडले की पाहुण्याच्या हातातनं चटई ओढून घेणं म्हणजे वाढलेलं ताट ओढून घेणं. म्हणून गप्प बसलो आम्ही. पोरं बिचारी टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं तू कौतुक करतेयस.

तू काही कॅमेरा गळ्यात अडकवून आलेली पर्यटक नाहीस. आईच्या विणकामाच्या घरात, बायकांच्या मांड्यांवर लोळत मोठी झालीस. तुला माहीत होतं. तुला पक्कं माहीत होतं.

आणि वर हा उपकार. म्हणे पाटी बदलून घेते, ‘फालेतापुच्या मुलांसह’ असं लिहून घेते. सह? भाजीसह लोणचं असतं तसं? एक पट्टी ओवली नाहीस तू. त्या चटईत सह कोण असेल तर तू आहेस, आणि तेही माझं मन मोठं असेल तर.

आई म्हणते, इतकं कडू लिहू नकोस. मी तिला म्हटलं, लिहून झालं की वाचून दाखवते. दाखवणार नाही.

वाओसा


२४ ऑगस्ट

फोलोले,

“चटई विमानानं पाठवून देते, विषय संपव ताई.”

किती सोपं आहे गं तुझं. चटई खोक्यात घालायची, वर तिकीट लावायचं, की विषय संपला.

तर इथं काय झालंय ते ऐक. पांढऱ्या रविवारी, ज्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून देवळात गातात आणि आपण मोठी माणसं त्यांना आधी वाढतो, त्या दिवशी ही चटई देवळासमोर अंथरून पोरांना तिच्यावर जेवायला बसवायचं असं ठरलं होतं. अख्ख्या वर्षाची धडपड त्यासाठी. चटई गेली, तर मी म्हटलं चला, दुसरी विणू. कचरा काय, समुद्र रोज आणून टाकतोय. कोणी उठेना.

फेरेती म्हणाला, “कशाला बाई? छान झाली की कोणीतरी नेणारच.”

अकरा वर्षांचा पोरगा आहे तो. एवढ्यातच त्याला हे कळलं आणि ते तू शिकवलंस. चटईचं एक वेळ मी विसरेन, हे वाक्य मी विसरणार नाही.

म्हणून पार्सल नको. मला ईफोगा हवाय. हो, नीट वाचलंस. पांढऱ्या रविवारी पहाटे शाळेसमोर ये, डोक्यावरून चटई घे आणि मान खाली घालून जमिनीवर बस, जसं मारामारी केलेल्याचं, जीव घेतलेल्याचं घर बसतं. ज्यांचा अपराध केलास ते येऊन चटई उचलतील तेव्हा उठायचं. नाही उचलली तर ऊन चढेपर्यंत बसून राहायचं. मोठं माणूस चूक कबूल करतं आणि धाकट्यांपुढे मान घालतं, हे पोरांनी जेवणाआधी डोळ्यांनी पाहायला हवं. त्याशिवाय ती पुन्हा कात्रीला हात लावणार नाहीत, आणि मला ती तशी झालेली बघवत नाहीत.

गाव हसेल म्हणशील? हसू दे. प्लास्टिकसाठी ईफोगा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हसू दे.

वाओसा


२० सप्टेंबर

फोलोले,

येऊ नकोस.

तू “येते” असं एका शब्दाचं उत्तर पाठवलंस, आणि मी ते घेऊन ताठ मानेनं पोआसामामाकडे गेले. घराचा प्रमुख तो, त्याच्या कानावर घालायला हवं. मामा कोको पीत बसला होता. पूर्ण ऐकलं त्यानं, मग पोट धरून हसला. कप खाली ठेवावा लागला त्याला.

“अगं वेडे,” म्हणाला, “ईफोगा एकटं माणूस करतं का कधी? घर करतं. फोलोलेचं घर कुठलं?”

“आपलं.”

“मग प्रमुख म्हणून मी बसायचं. आई बसणार, तिला कोण अडवतंय. आणि तू बसायचीस.”

“मी? मी का? अपराध माझा झालाय मामा. मी मुलांच्या बाजूची आहे.”

“शाळेची घंटा होईपर्यंत तू मुलांच्या बाजूची. तीननंतर?”

“मामा, मी तिच्यावर रागावलेय.”

“रागावून बस. रागानं बसू नये असं कुठं आहे?”

माझ्याच हातानं मी माझ्यासाठी खड्डा खणला, आणि इतकी वर्षं ह्या गावात राहून मला ते सुचलं नाही. तुला सुचलं होतं का गं? म्हणून लगेच “येते” म्हणालीस का? ते खरं असेल तर तू माझ्या कल्पनेपेक्षाही पोचलेली आहेस.

मी सरळ सांगते. तुझ्या शेजारी, एका चटईखाली, सगळ्या गावासमोर मान खाली घालून? ज्या दिवशी तू शिकायला म्हणून गेलीस आणि आईला मी सांभाळायचं असं कोणी न विचारता ठरलं, त्या दिवसापासून मी ह्या घराचं सगळं निस्तरतेय. आता तुझी चोरीही मीच निस्तरायची? मरेन पण बसणार नाही.

तेव्हा चटई पार्सलनं पाठव. तूच म्हणत होतीस ना, विषय संपव. संपवते.

वाओसा


१३ ऑक्टोबर, सोमवार

फोलोले,

येऊ नकोस लिहिलं तरी आलीस, आणि आज सकाळच्या बोटीनं गेलीस. मी न्हाणीत होते, म्हणजे तू जाईपर्यंत मुद्दाम तिथं होते. निघताना तू आईला काय म्हणालीस ते ऐकू आलं. “ताईनं तोंडसुद्धा दाखवलं नाही.” तू गेल्यावर आई मला म्हणाली, “ते तू सांगायचंस.” म्हणून लिहितेय. काल तू चटईखाली होतीस, तुला वरचं काहीच दिसलं नाही, आणि प्लास्टिकच्या सळसळीत धड ऐकूही आलं नसेल.

आधी भांडण. माणूस ईफोगाला येतं ते आपल्या घरची सगळ्यांत चांगली चटई घेऊन येतं, कारण ती मग ज्यांचा अपराध केला त्यांना द्यायची असते. आणि तू काय घेऊन आलीस? आमचीच. पहाटे मी शाळेपाशी आले, तर कुंपणाआत काळ्या खडकासारखं काहीतरी बसलेलं, आणि जरा उजाडल्यावर ती मिठाची निळी पिशवी चमकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याच चटईखाली बसून आमची क्षमा मागतेस? आमचंच आम्हाला देऊन मोकळी? मी तिथंच ओरडणार होते. पण काठी टेकत पोआसामामा आला, पांढरा सदरा, पांढरी लुंगी, देवळात जायच्या कपड्यात, आणि सरळ तुझ्या उजवीकडे चटईखाली शिरला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला कुंपणापर्यंत आला. मग शेजारणीनं आईला हाताला धरून आणलं. तिनं चटई चाचपली, काठ कुठला ते ओळखलं आणि तुझ्या डावीकडे बसली.

हळूहळू गाव जमलं. कोणी हसलं नाही, तेवढं कबूल करते. पोरं पांढऱ्या कपड्यात, तेल लावून भांग पाडलेली, ओळीनं उभी. मी त्यांच्या पुढे, हातात गाण्यांचं पुस्तक, पाठ ताठ.

पाद्री पुढे झाले, चटई उचलायला. आतून मामाचा आवाज आला, “तुमची आहे का?” ते मागे सरले. मग मुख्याध्यापक निघाले. मामा पुन्हा, “तुम्ही विणली होती का?” तेही थांबले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “मुलं आहेत ना.”

पोरं गेली. तुला वाटलं असेल लगेच उचलतील. छे. ती आपापला कचरा शोधायला लागली. तू खाली घामानं निथळत असशील, प्लास्टिकमधून वारा कुठला जातोय, आणि तुझ्या डोक्यावर फेरेती आणि त्याचा मावसभाऊ भांडत होते, सोनेरी पट्टा कोणाच्या घरच्या बिस्किटांचा म्हणून. “आमची खोबऱ्याची होती.” “तुम्ही कधी खोबऱ्याची आणलीत?” मी दटावलं नाही. ईफोगात जितका वेळ लागेल तितका लागू द्यायचा असतो, आणि मला तुझ्यासाठी काही घाई नव्हती.

लुपेसिनाला तिची निळी सापडली. तिथं भोक आहे. तुझ्या त्या दालनात खिळा ठोकला होता ना तिथं. तिनं त्यात बोट घातलं, आणि दचकून मागे झाली.

“बाई, आत कोणाचे तरी केस आहेत.”

“फोलोलेमावशीचे,” मी म्हटलं. मावशी हा शब्द माझ्या तोंडून कसा आला कोण जाणे.

ती मला निरखून बघायला लागली. मग चटईकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्या मुलीचं हेच, बोलत नाही आणि बोलली की नको तेच बोलते.

“आत मावशी, मामाआजोबा आणि आजी. मग तुम्ही बाहेर का बाई?”

सगळ्या गावासमोर. पाद्री आकाशाकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी तुमच्या बाजूची आहे. तर म्हणाली, “पण आम्ही भोक पाडलं नाही. तुमच्या घरानं पाडलं.”

मी गाण्यांचं पुस्तक फेरेतीच्या हातात दिलं.

मी मागच्या बाजूनं शिरले. तुझ्यामागे जागा होती. आत भट्टी होती नुसती, तोंडावर नूडल्सच्या धुतलेल्या पाकिटांचा वास, अजूनही येतो तो. मी बसल्या बसल्या तुला शिव्या घातल्या, मनातल्या मनात, लहानपणापासूनच्या सगळ्या. तू रडत होतीस. मामा पुटपुटत होता की ह्या पोरांना जरा घाई करायला सांगा, त्याचा पाय झोपलाय. आईनं मागे हात करून माझा घोटा चाचपला, ओळखला आणि घट्ट धरून ठेवला.

मग एकदम उजेड. पोरांनी पुढून उचलली, सगळ्यांनी मिळून, तुझ्याकडून. मामानं तुला धरून उठवलं आणि शाळेत नेलं, आणि तू मागे वळून बघितलं नाहीस, कारण ईफोगात वळून बघत नाहीत. तोवर चटई माझ्यावरून पुरती सरकली नव्हती. मी मागच्या मागे सटकले, थेट चुलीपाशी. तिथं अळूची पानं निवडत बसले आणि दिवसभर उठले नाही. पोरांनी चटई अंथरून तिच्यावर बसून खाल्लं, आधी त्यांनी, मग आपण. तू वाढत होतीस, मी लांबून बघितलं. फेरेतीनं तुझ्याकडून तीनदा मागून घेतलं.

भोकाचं तेवढं लक्षात ठेव. पोरं म्हणतायत, ते तुम्ही बुजवायचं. आपल्या घरानं. माझ्या घरच्या पिशव्या मी काढून ठेवल्यात, तुझ्या घरच्या तू आण. धुऊन आण, शिंपल्यानं घासून आण, आई बोटांनी तपासणार आहे. आणि फेरेतीनं आज घरी येऊन कात्री मागितली. कशाला ते विचारलं नाही, दिली.

राग गेला असं समजू नकोस. तो आहे, चांगला धडधाकट आहे. फक्त एक गैरसमज दूर करते. काल जेवताना तू आईला हसून म्हणालीस, “आई, तुझा गुडघा किती टोकदार झालाय गं, सगळा वेळ पाठीत टोचत होता.” आई तुझ्या डावीकडे होती. पाठीमागे मी होते. गुडघा माझा होता, आणि मी तो मुद्दाम टोचत होते.

ताई